स्वस्तातलं की मधलं

बायको, बर्नाडेट, गेली हे रीजसला कळलं शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला. तोवर तिला जाऊन पाच तास झाले होते.

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा तो पहिला दिवस. जुना मित्र नॉर्ब, त्याच्या कॅम्पपासून मैलभर वर, एका जुन्या झाडाला बांधलेल्या मचाणावर रीजस हर्झिंग पहाटे पाचपासून बसून होता. पाय बधिर झाले होते, थर्मासमधली कॉफी संपली होती, तरी ओढ्याकडून एखादा नर वर येईल अशी आशा त्याला होती. इतक्यात झाडीतून एक नारिंगी जाकीट सरळ आपल्याकडे येताना दिसलं. पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या मचाणाखालून कोणी चालत नाही. चाललाच तर तो परका तरी असतो नाहीतर मूर्ख. रीजसनं मनातल्या मनात एक शिवी हासडली. जाकीट जवळ आलं तसा तो नॉर्ब निघाला. दुखऱ्या खुब्यानं लंगडत, धापा टाकत तो मचाणाखाली आला, वर पाहिलं, आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

टोपी काढली तेव्हाच रीजसला कळलं. पुढचं नुसतं ऐकून घ्यायचं होतं.

शेजारची बाई केकचं ताट परत करायला गेली होती. दाराला कडी नव्हती. शेगडीवर अंडी उकडायला ठेवलेलं पाणी आटून भांडं काळंठिक्कर पडलं होतं आणि बर्नाडेट स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, हातात फोन घेऊन. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. सातच्या आसपास सगळं आटोपलं असणार. पोलिसांचा माणूस कॅम्पवर येऊन नॉर्बला हे सांगून गेला होता.

आता त्या फोनचं सांगायला हवं. नॉर्बच्या कॅम्पवर एक नियम होता. दाराशी कॉफीचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. आल्या आल्या ज्यानं त्यानं आपला फोन त्यात टाकायचा आणि झाकण लावायचं. मोसम संपवून निघेपर्यंत जो पहिल्यांदा झाकण उघडेल, त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. नियम नॉर्बनंच काढला होता. बायकांना तो ठाऊक होता आणि त्यावरून त्यांची थट्टा चाले. बर्नाडेट म्हणायची, तिकडे मला फोन करायचा असेल तर हरणालाच निरोप द्यावा लागेल.

कॅम्पवर उतरल्यावर रीजसनं झाकण उघडलं. त्याच्या फोनवर तिचे तीन कॉल होते. सहा एक्कावन्न, सहा त्रेपन्न, सहा अठ्ठावन्न. निरोप एकही नव्हता.

बंदूक तिथंच भिंतीला टेकवून तो नॉर्बच्या गाडीत बसला. ती बंदूक त्यानं परत कधी मागितली नाही.

त्यानंतर ख्रिसमस आला, गेला. पेन्सिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत हिवाळा लांबतो. मार्च उजाडला तरी घरामागचा बर्फ काळा होऊन पडलेला होता. रीजस बहात्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्यानं गावातल्या कारखान्यात साचे बनवले होते. धातूची पूड साच्यात दाबायची, मग भट्टीत भाजायची, की छोटे छोटे सुटे भाग तयार. सारा गाव त्याच कामावर जगला. रीजसच्या हाताखालून गेलेला साचा केसाच्या दहाव्या भागाइतकाही चुकत नसे, असं लोक म्हणत. माणूस मोजूनमापून जगणारा. पाण्याचा पंप घ्यायचा तर तीन आठवडे दोन पंपांची कागदपत्रं टेबलावर मांडून बसे. "स्वस्त घेणारा दोनदा घेतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बर्नाडेटला त्यानं लग्नाचं विचारलं तेही चार वर्षं हिंडल्यावर. तिच्या बापानं तिला विचारलं होतं म्हणे, हा पोरगा तुझं माप घेतोय की काय?

तोच माणूस आता सकाळी उठून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसे, आणि अंधार पडला की उठून पलंगावर जाई. ते काळं भांडं त्यानं घासलं नव्हतं आणि टाकलंही नव्हतं. मुलगी जोलीन ईरी शहरातून दर रविवारी फोन करी. तो म्हणे, बरं आहे. जेवलात का, ती विचारी. जेवलो, तो सांगे. लोकांनी पहिला महिनाभर डबे आणून दिले, मग हळूहळू त्यांचीही कामं सुरू झाली. त्यात त्यांचा दोष नव्हता. रीजसही कोणाच्या घरी याहून जास्त दिवस गेला नव्हता.

दिवसभर त्याच्या डोक्यात एकच चाले. सहा एक्कावन्नला तिला काय झालं असेल? सहा त्रेपन्नला तिनं पुन्हा लावला, म्हणजे तिला बोलता येत होतं का? अठ्ठावन्नला तिसऱ्यांदा. सात मिनिटं. पहिलाच कॉल त्यानं उचलला असता तर गाडी पाठवता आली असती. रुग्णवाहिका चौकातच तर उभी असते. तिनं ती का बोलावली नाही? मला का लावला?

मार्चच्या एका बुधवारी सकाळी त्याचं ठरलं. विचार करून ठरवलं असंही म्हणता येणार नाही. नळ गळत राहतो, गळत राहतो, आणि एक दिवस माणूस उठून पान्हा शोधायला लागतो, तसं झालं. ठरल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणानंच त्यानं दोन तास कामं केली. फ्रीजमधलं नासलेलं टाकलं. घरातल्या झाडून साऱ्या चाव्या गोळा करून एकेकीला चिठ्ठी बांधली: कोठार, तळघर, बर्नाडेटची शिवणाची पेटी. जोलीनला शोधत बसायला नको. मग जाकीट घालून ट्रक काढला.

चाळीस मैलांवर हमरस्त्याला लागून बंदुकांचं एक मोठं दुकान होतं. तिथं त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. फॉर्म भरायचा, दुकानदारानं चौकशीसाठी राज्याच्या पोलिसांना फोन लावायचा, दहा-पंधरा मिनिटांत काम. निघताना तिथंच जायचं असं त्याच्या मनात होतं. पण पन्नास वर्षांत त्यानं नॉर्बखेरीज कोणाकडून एक काडतूसही घेतलं नव्हतं. चर्चच्या खालच्या वळणावर ट्रक आपसूक डावीकडे वळला, आणि नॉर्बच्या अंगणात थांबल्यावर रीजसच्या लक्षात आलं की आपण कुठं आलो आहोत.

नॉर्बर्ट श्लिमचं दुकान म्हणजे त्याच्या घराला चिकटलेली जुनी दुधाची खोली. एका भिंतीला बंदुका, दुसरीकडे मासेमारीचं सामान आणि कोपऱ्यात गळाला लावायच्या गांडुळांचा फ्रीज, तो सतत घरघरत असे. नॉर्ब काउंटरमागे उंच स्टुलावर बसला होता. सत्तरीचा, अंगानं आडवा, तोंडानं अखंड चालू.

"आलास होय? मला वाटलं मेलास की काय," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला. "बस. कॉफी घेतोस?"

"पिस्तूल हवंय," रीजस म्हणाला.

नॉर्बनं कशाला म्हणून विचारलं. रीजसनं येताना जुळवून ठेवलेलं सांगितलं, की अस्वल येऊन कचऱ्याचे डबे उलथतंय.

"मार्चात? अरे, अजून ते गुहेत डोळे चोळत असेल."

"चोऱ्याही होतायत."

"कुठं? तुझ्याकडे? तुझ्याकडून चोर काय नेणार, तीस वर्षांच्या कॅलेंडरांचा गठ्ठा?"

रीजस हसला नाही. नॉर्बनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मागं वळून कपाट उघडलं, काउंटरवर हिरवं फडकं पसरलं आणि त्यावर दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही काळी, दोन्ही नऊ मिलिमीटरची, एका गोळीमागून दुसरी आपोआप वर येणारी. लांबून पाहिलं तर सख्खे भाऊ.

गिऱ्हाईक समोर आलं की नॉर्बचा पट्टा सुरू होई. तासाभराच्या आत त्याच्या दुकानातून कोणी काही घेऊन गेलंय असं कधी झालं नव्हतं. आताही तो सुरू झाला. हे डावीकडचं दोनशे साठ डॉलरचं. वाईट नाही. गोळी सुटते, नेम बसतो, गरिबाचं काम होतं. हे उजवीकडचं पाचशे तीसचं. फरक कशाचा म्हणशील, तर चाप ओढताना हाताला कळतो. स्वस्तातल्याचा चाप वाळू दळल्यासारखा येतो, याचा लोण्यातून सुरी गेल्यासारखा. याच्यावरचं नेमाचं टोक पोलादी आहे, त्याचं प्लास्टिकचं. कमरेच्या म्यानातून काढघाल करून झिजतं. याच्याबरोबर गोळ्या भरायची मॅगझिनं तीन येतात, त्याच्याबरोबर एक. महाग पिस्तुलं आहेत वरच्या फळीवर, पण ती भिंतीवर टांगून शेजाऱ्याला दाखवायला. शहाण्या माणसानं या दोघांतूनच निवडावं.

रीजसनं यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. तो फडक्याच्या कडेकडे पाहत होता.

"स्वस्तातलं दे," तो म्हणाला.

"हातात तरी घेऊन बघ."

"नको. ते दे. आणि गोळ्यांची एक डबी. लहानातली."

नॉर्बनं डोकं खाजवलं. "रीजस, याच्या आतली स्प्रिंग फार काळ नाही रे टिकत. दोन-तीन वर्षांत ढिली पडते. मग येशील माझ्याच नावानं बोटं मोडत."

"टिकायची गरज नाही," रीजस म्हणाला.

फ्रीज घरघरत राहिला. नॉर्बचा उजवा हात फडक्याकडे सरकला आणि दोन्ही पिस्तुलांवर पालथा पडला. त्यानं तो तिथंच ठेवला. नॉर्ब गप्प बसलेला रीजसनं आयुष्यात दोनदाच पाहिला असेल: मचाणाखाली, आणि आता.

"फॉर्म काढ," रीजस म्हणाला.

"फॉर्म संपलेत."

"माझ्या कोपराखाली गठ्ठा आहे."

"ते जुने आहेत," नॉर्ब म्हणाला, आणि त्याच्याकडे न बघताच पिस्तुलं खोलायला लागला. दोन खटके, एक झटका, वरचा सरकता भाग वेगळा, नळी वेगळी, स्प्रिंग वेगळी. मग दुसरं. बोटं जाड असली तरी कामात सराईत होती. एक बारीक तुकडा काढून त्यानं शर्टाच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या पिस्तुलातलाही तसाच तुकडा काढून त्याच खिशात टाकला. चापाचे दोन भाग तेवढे त्यानं रीजसच्या पुढ्यात सरकवले.

"मला एक सांग. गिऱ्हाइकं विचारतात आणि मला सांगता येत नाही. यातला कापून काढलेला कुठला आणि दाबून भाजलेला कुठला?"

"नॉर्ब, मला घरी जायचंय."

"जा ना. एवढं सांग आणि जा. चाळीस वर्षं पगार कशाचा घेतलास?"

रीजसला बघायचं नव्हतं. पण अंगठा आपला आपण गेला. साचेवाल्याचा अंगठा, कडेवरून फिरला, मागं आला, पुन्हा फिरला. त्यानं तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरला.

"दोन्ही दाबलेलेच आहेत," तो म्हणाला. "ही बघ रेघ, दोन्हीवर आहे. पण या स्वस्तातल्याचा साचा झिजलेला होता. कड बघ कशी गोल पडलीय. हा साचा चार-सहा महिने आधीच फेकायला हवा होता. कोणीतरी म्हणालं असेल, चालू दे, अजून चालतंय."

"म्हणजे जास्तीचे पैसे कसले?"

"साचा वेळेवर बदलल्याचे."

"बस्स? मी आपला वीस वर्षं लोकांना सांगतोय की धातू वेगळा."

"तू लोकांना काय वाटेल ते सांगतोस," रीजस म्हणाला. आणि त्याचा त्यालाच आवाज ऐकू आला, जुना, कारखान्यातला, जरा कुरकुरणारा. असा तो चार महिन्यांत कोणाशी बोलला नव्हता. घरी जाऊन हे सांगायला कोणी नव्हतं. नॉर्ब वीस वर्षं थापा मारतोय हे ऐकून बर्नाडेट पोट धरून हसली असती. त्यानं तुकडा फडक्यावर ठेवला.

"पुरे झालं. जोडून दे."

"नाही देणार."

"धंदा आहे तुझा."

"दुकान माझं आहे. कोणाला द्यायचं ते मी ठरवीन."

"मग मी मोठ्या दुकानात जातो. चाळीस मैल तर आहे."

रीजस दाराकडे वळला. नॉर्ब स्टुलावरून उतरला, पण काउंटरला वळसा घालून दारापर्यंत पोचणं त्याच्या खुब्याला झेपणारं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. तो काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"डबा वाजला होता," तो म्हणाला.

रीजस थांबला.

"त्या दिवशी. तुम्ही तिघं साडेचारला वर गेलात. मी खुब्यामुळं मागं राहिलो, कॉफी करत होतो. डबा वाजला. पत्र्याचा डबा, आतून थरथरतो ना, तसा. मग थांबला. मग पुन्हा वाजला. मग जरा वेळानं पुन्हा. मी होतो तिथं, रीजस. हातभर अंतरावर."

मग रीजस काउंटरपाशी परत आला. त्याला नॉर्बला मारायचं होतं. त्यानं हात उचलला, आणि तो हात फडक्यावर आडवा फिरला. नळ्या, स्प्रिंगा, चाप, सगळं खणखणत फरशीवर सांडलं. एक स्प्रिंग उडून गांडुळांच्या फ्रीजखाली गेली. दार न लावताच तो बाहेर पडला.

त्यानं ट्रक काढला. हमरस्त्याच्या फाट्यावर तो थांबला. डावीकडे मोठं दुकान, उजवीकडे घर. मागून एक लाकडाचा ट्रक येऊन थांबला, भोंगा वाजवला आणि शेवटी बाजूनं निघून गेला. रीजसला डावीकडे जायचं होतं. सकाळपासून त्याला तेवढं एकच करायचं होतं. पण आता डोक्यात सहा एक्कावन्न नव्हतं, नॉर्ब होता. कॉफी ओतणारा नॉर्ब. चार महिने चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेला, शवपेटीचा पुढचा कोपरा धरून चाललेला नॉर्ब. त्याला विचारायचं राहिलं होतं. न विचारता हे असंच सोडून जायचं म्हणजे त्या लबाडाला मोकळं सोडण्यासारखं होतं.

तो उजवीकडे वळला.

दुपारी तीन वाजता जोलीनची गाडी दारात आली. नॉर्बनं रीजसचा ट्रक अंगणातून बाहेर पडायच्या आतच तिला फोन लावला होता. तिनं चाव्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. एकेक वाचली, टेबलावर ठेवली, आणि बापाच्या शेजारी जमिनीवरच बसली. "पप्पा, मला एकटीला तुम्हा दोघांच्या मरणाचं करायला लावू नका," एवढंच ती म्हणाली. रीजसनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण कबूल काही केलं नाही. ती राहिली. दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरकडे घेऊन जाणार होती. तो म्हणाला, येतो, पण आधी वाटेत एका ठिकाणी थांबायचं.

नॉर्बचं दुकान उघडं होतं. काउंटरमागे कोणी दिसेना. मग खालून आवाज आला.

"कोण आहे ते? जरा हात दे."

नॉर्ब फरशीवर पडला होता. पडला म्हणजे स्प्रिंग शोधायला खाली बसला, आणि खुब्यामुळं त्याला उठता येईना. एका हातात लांब पट्टी होती, गाल फरशीला टेकलेला. रीजस त्याच्याकडे बघत उभा राहिला. हात दिला नाही.

"झाकण का नाही उघडलंस?" त्यानं विचारलं.

नॉर्बनं पट्टी खाली ठेवली. फरशीवरूनच, रीजसच्या बुटांकडे बघत तो बोलला.

"भांडी घासायला लागली असती."

जोलीन दाराशी उभी होती. नॉर्ब रडत होता, पण आडवा पडल्यामुळं पाणी नाकावरून दुसऱ्या डोळ्यात जात होतं.

रीजसनं दुसरं काहीतरी उत्तर ऐकायची तयारी करून आणली होती. ऐकलंच नाही म्हणेल, लक्षात नाही आलं म्हणेल, मग मी असं असं म्हणेन. रात्रभर त्याची वाक्यं जुळवली होती. या उत्तराला त्याच्याकडे वाक्य नव्हतं. कारण सहा एक्कावन्नला नॉर्बच्या जागी तो स्वतः असता, तर त्यानंही कॉफीच ओतली असती. पंधरा वर्षांत त्यानं एकदाही ते झाकण उघडलं नव्हतं. पैज जिंकल्याची फुशारकी त्यानं बर्नाडेटलाच तर मारली होती.

तो गुडघ्यांवर बसला. मग पोटावर झोपला. फ्रीजखाली हात घातला, धुळीतून चाचपलं आणि स्प्रिंग बाहेर काढली. दोघं म्हातारे फरशीवर तोंडासमोर तोंड करून पडलेले.

"ही कशातली?" नॉर्बनं विचारलं.

रीजसनं ती दोन बोटांत दाबून पाहिली. "स्वस्तातली. ही आत्ताच ढिली आहे."

आता जून लागलाय. जोलीन दहा दिवस राहून गेली. आता ती शनिवार-रविवारी येते आणि रोज संध्याकाळी फोन करते. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. त्या रीजस घेतो. कधी वाटतं उपयोग होतोय, कधी वाटतं नाही. अशाही सकाळी येतात की तो खुर्चीतून उठतच नाही. अशा सकाळी नॉर्बचा फोन येतो, आणि तो उचलत नाही तर वीस मिनिटांत नॉर्बची गाडी दारात असते.

दर गुरुवारी रीजस दुकानात जातो. नॉर्ब हिरवं फडकं पसरतो आणि दोन पिस्तुलांमधलं काहीतरी काढून ठेवतो. एकदा दोन नळ्या, एकदा दोन मॅगझिनं, एकदा नुसते दोन खिळे. रीजस भिंग लावून बघतो, बोलतो, कागदावर आकडे टिपतो. गिऱ्हाइकं थांबून ऐकतात. परवा एक बाई नवऱ्याला म्हणाली, याला विचारा, हा विकणारा नाही म्हणजे खरं सांगेल. रीजसनं तिला मधलंच घ्यायला सांगितलं. मग तिच्याकडे नीट बघून विचारलं, कशाला हवंय? तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. नॉर्ब स्टुलावर बसून ऐकत होता.

या तीन महिन्यांत नॉर्बनं अख्खं पिस्तूल एकदाही रीजसच्या हातात दिलेलं नाही. एक तरी तुकडा नॉर्बच्या शर्टाच्या खिशात असतो. रीजसला ते माहीत आहे. त्याला माहीत आहे हे नॉर्बला माहीत आहे. रीजसची हरणाची बंदूकही नॉर्बच्याच तिजोरीत आहे. तिचं नाव कोणी काढत नाही.

सहा एक्कावन्न अजून येतं, बहुतेक पहाटे.

ते काळं भांडं अजून शेगडीवर आहे. नॉर्बला माफ केलं असं रीजसनं अजून म्हटलेलं नाही. आणि स्वस्तातलं घ्यायचं की मधलं, ते अजून ठरायचं आहे.